मुखालफा चाचा

मी एकदा कोर्टावर रुसले होते. लोक कोर्टाला घाबरतात, कोर्टापासून पळतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात. रुसणारी मीच. दुबईच्या ट्रॅफिक कोर्टाने मला सकाळी साडेआठला बोलावलं होतं आणि मी करामा भागातल्या आमच्या फ्लॅटचं दार आतून लावून थालीपिठं थापत बसले होते. तीही भाजणीची, राग आला की मला भाजणीचीच भूक लागते. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला वयाची काही अडचण नव्हती. आली नाही. उलट थालीपिठाच्या भोकात तेल सोडताना मी स्वतःशी म्हणत होते, 'बसा म्हणावं तिथे माझ्या नावाचा पुकारा करत!'

पुकारा झाला. तीनदा झाला. तो ऐकायला तिथे एक माणूस सकाळपासून बसला होता, आणि मी रुसले होते ती खरं तर त्याच्यावरच.

सगळा करामा त्यांना 'मुखालफा चाचा' म्हणायचा. मुखालफा म्हणजे अरबीत वाहतुकीचा नियम मोडल्याचा गुन्हा. आमच्या इमारतीखाली, उडपी हॉटेल आणि शिंप्याचं दुकान ह्यांच्या मधल्या बोळकांडीत एक टायपिंग सेंटर होतं. सरकारी अर्ज अरबीतून टाइप करून द्यायचे, हा तिथला धंदा. बाकीचे टायपिस्ट व्हिसाचे नाहीतर भाड्याच्या कराराचे अर्ज करत. चाचांचं टेबल कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, आणि त्याच्यासमोर फक्त गाडीवाले: कुणी सिग्नल तोडलेला, कुणी कुणाला ठोकलेलं, आणि काही असे, की ज्यांच्या नावाचं पकडवॉरंट निघालंय आणि ते त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे.

चाचा रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. सातवीपर्यंत मराठी शाळा शिकलेले. अंगात अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, त्यावर टाय, आणि पायात रबरी सपाता.

"टाय कशाला हो चाचा, ह्या उकाड्यात?" मी एकदा विचारलं.

"टाय सरकारसाठी, वहिनी. सपाता माझ्यासाठी."

दोन्ही मनगटांवर घड्याळं. एकावर भरवसा नाही म्हणून दुसरं. दोन्हीत फरक पडला तर काय, असं कुणी विचारलं, की म्हणायचे, "मग कोण खोटा बोलतो ता शोधायचा." ह्या माणसाचा जगात कुणावरच विश्वास नव्हता. 'सिग्नल खोटा बोलत नाय, ड्रायव्हर बोलतो' हे त्यांचं रोजचं वाक्य. समोर आलेला कागद वाचण्याआधी ते त्याचा वास घेत. एकदा एक पंजाबी टेम्पोवाला आपलं समन्स घेऊन आला होता. चाचांनी ते नाकाशी धरलं आणि हिंदीत म्हणाले, "इसको अगरबत्ती का वास है. मतलब तूने भगवान के आगे रखा. मतलब तू डरा. मतलब सिग्नल तूनेच तोडा." टेम्पोवाल्याने तिथल्या तिथे कबूल केलं. मी झेरॉक्स काढायला आले होते, माझा हात मशीनवरच राहिला.

चाचा गाडी चालवत नसत. टॅक्सीतही पुढे बसत नसत. बसमध्ये चढले तर सगळ्यात मागची सीट. का, ह्याच्या मी तीन गोष्टी ऐकल्या, तिन्ही त्यांच्याच तोंडून. टेम्पोवाल्याला त्यांनी सांगितलं की रास अल खैमाच्या रस्त्यावर त्यांच्या पिकअपखाली एक उंटाचं पिल्लू आलं होतं. एका इंजिनियरला सांगितलं की त्यांच्या भावाने त्यांच्या लायसन्सवर गाडी चालवून त्यांना आत बसवलं. आणि मला सांगितलं की अरबी न वाचता एका कागदावर सही केली, वॉरंट निघालं, आणि आई गेली तेव्हा गावाला जाता आलं नाही. आता ह्यातली खरी कोणती? मला वाटायचं, एकही नाही. ज्या गिऱ्हाइकाला जी लागू पडेल ती काढून देतात, डॉक्टर गोळी देतात तशी. आज वाटतं, तिन्हीही असतील. तीन गोष्टी घडायला आखाती देशात माणसाला फार वर्षं लागत नाहीत.

त्यांचा कुणावर विश्वास नव्हता तसा माझा त्यांच्यावर नव्हता. कारण ते फी आधी घेत नसत. आमची आई म्हणायची, जो दुकानदार उगाच हसतो तो वजनात मारतो. चाचा हसतही नसत, मग तर संशयाला जागाच जागा. मला पक्कं वाटायचं, हा माणूस पोलिसांचा खबऱ्या आहे. नाहीतर एवढे प्रश्न कोण विचारतं?

माझ्यावर त्यांच्या टेबलासमोर बसायची वेळ आली ती पोह्यांमुळे.

ड्रायव्हिंगची परीक्षा मी सहाव्या खेपेला पास झाले होते. सहाव्या म्हणजे तिथल्या हिशोबाने हुशारच. आमचे हे रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात होते. गुरुवारी संध्याकाळी यायचे, शनिवारी परत जायचे. मधले सगळे दिवस गाडी माझी. त्या सकाळी मी ऊद मेथाला मैत्रिणीकडे निघाले होते आणि शेजारच्या सीटवर पोह्यांचा डबा होता. शाळेजवळच्या झेब्रा क्रॉसिंगवर मी एका बाईंना धक्का दिला. त्या तिथल्याच शाळेत शिकवायच्या, केरळच्या, हातात वह्यांचा गठ्ठा. त्या खाली बसल्या, वह्या रस्ताभर झाल्या, आणि घोट्याचं हाड मोडलं. माणूस जखमी झाला की तिथे नुसत्या दंडावर भागत नाही; केस कोर्टात जाते.

"त्या मध्येच आल्या," मी पोलिसांना सांगितलं. ह्यांना सांगितलं. मैत्रिणीला सांगितलं. चाचांनाही तेच सांगितलं. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

चाचांनी माझ्या कागदाचा वास घेतला. मग उठले, "गाडी खंय हाय?" म्हणाले, आणि टॉर्च घेऊन आमच्या पार्किंगमध्ये आले. भर दुपारी, टॉर्च! सीटखाली, गिअरच्या फटीत, पायपुसण्याखाली उजेड टाकत फिरले. मी कमरेवर हात ठेवून उभी. शेवटी बोटाच्या टोकावर काहीतरी घेऊन ते माझ्यासमोर आले.

"वहिनी, गाडीत मोहरी कशी?"

मी म्हटलं, "कसली मोहरी?"

"फोडणीतली. आणि हा गिअरवर हळद. डबा सरकला. तुम्ही धरायला गेलाव. बाई मध्ये नाय आल्या. तुमची नजर मध्ये नव्हती."

पोहे कसे सांडले, हे जगात फक्त मला माहीत होतं. आता दोघांना झालं. खोटं बोलणाऱ्यापेक्षा आपलं खोटं ओळखणाऱ्याचा राग जास्त येतो. त्या दिवशी मी तरातरा जिना चढले, लिफ्टची वाटही पाहिली नाही.

दोन दिवसांनी लायसन्सची प्रत द्यायला खाली गेले. झेरॉक्स मशीनच्या मागे उभी होते, चाचांना दिसत नव्हते. ते ह्यांच्याशी फोनवर बोलत होते आणि त्यांचा तो जुना फोन असा खणखणीत, की पलीकडचं बोलणं उडपी हॉटेलात ऐकू जावं.

"साहेब, वहिनी गलथान हायत," चाचा म्हणाले. "शंभर टक्के गलथान. त्यात काय डाउट नाय. आता फक्त जज्जासमोर त्यांनी स्वतःच्या तोंडान म्हटला पायजे, की मी गलथान. मग काम सोपा."

आणि पलीकडून आमचे हे काय म्हणाले? माझी बाजू घेतली? ह्यांचं हसणं आलं आधी. मग, "अहो चाचा, आहेच ती! बावीस वर्षं सांगतोय, कबूल कुठे करते?"

गलथान! मला! जिच्या घरात डाळीच्या डब्यांवर लेबलं, जिची पातेली उतरत्या भाजणीने लागलेली, जी पडद्यांना इस्त्री करते! (पोहे सांडले, मान्य. एकदाच.) लायसन्सची प्रत मी चुरगाळून तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर आले. परक्या माणसाने, परक्या देशातल्या न्यायाधीशासमोर, मला स्वतःच्या तोंडाने गलथान म्हणायला लावायचं, आणि नवऱ्याने त्याला हो म्हणायचं? मी ठरवलं, कोर्टात पाऊल टाकायचं नाही. तारखेच्या दिवशी चाचांनी बारा वेळा फोन केला. मी मोजले, उचलले नाहीत. संध्याकाळी ह्यांचा फोन आला, "झालं का गं?" मी म्हटलं, "झालं." थालीपिठं झालीच होती.

तुम्ही म्हणाल, चाचांनी ह्यांना सांगितलं कसं नाही? नाही सांगितलं. दोन-तीनदा दार वाजलं, मी भोकातून सपाता पाहिल्या आणि श्वास रोखून उभी राहिले. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "नवऱ्याला सांगितला असता तर तुम्ही घाबरून आला असताव. घाबरलेला माणूस खोटा बोलतो."

दीडेक महिना गेला. पुण्याला माझी एकुलती एक लेक पोटुशी होती. नववा लागला होता, रक्तदाब वाढत होता, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. आणि तिची सासू आधीच देवाघरी, म्हणजे करणारी मी एकटीच. मी डिंकाचे लाडू केले, बाळंतविड्याची बॅग भरली, दुपारचं विमान धरायला एअरपोर्टवर गेले. पासपोर्टच्या काउंटरवरच्या, पांढरा पायघोळ कंदुरा घातलेल्या तरुण पोराने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"मदाम, मतलूब," तो म्हणाला.

मला वाटलं, हिंदी बोलायचा प्रयत्न करतोय बिचारा. मी हसून म्हटलं, "हां बेटा, मतलब क्या?"

"मतलूब!"

"वही पूछ रही हूँ, मतलब क्या?"

मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "मावशी, वाँटेड. पोलिसांना तुम्ही हव्या आहात."

मी लाडवांच्या डब्यावर बसले. खरंच बसले. मला एका खोलीत नेलं. वागले नीट, पाणी दिलं, पण विमान काही थांबणार नव्हतं. ह्यांचा फोन लागेना. भट्टीवर असले की फोन बाहेर ठेवावा लागे. लेकीला कळवायची सोय नव्हती, तिचा रक्तदाब! आणि मग मी, जिने सपाता बघून दार उघडलं नव्हतं, तिने तोच नंबर लावला.

"चाचा, मी..."

"टर्मिनल कुठला?" एवढंच म्हणाले.

बसने आले. टाय, सपाता, काखेत फाइल. फाइलवर माझं नाव. उघडली तर आत लायसन्सची ती प्रत, कचऱ्यातून काढून सपाट केलेली, आणि वर एक अरबी अर्ज, टाइप करून तयार: गैरहजेरीत लागलेला निकाल पुन्हा ऐकावा, म्हणून. फक्त तारखेची जागा कोरी.

माझा संशय तेव्हाही जागा. "तुम्हाला काय माहीत, मी इथे अडकणार?"

"माहीत नव्हता. तुमच्यावर संशय होता."

तेव्हा माझा बांध फुटला. पोलिसांच्या खोलीत, लाडवांच्या डब्याला मिठी मारून मी ओक्साबोक्शी रडले आणि म्हटलं, "तुम्ही मला गलथान म्हणालात! ह्यांच्याजवळ!"

चाचांनी आधी डावं घड्याळ पाहिलं, मग उजवं. त्यांना विचार करायचा असला की ते असं करत.

"गल्तान, वहिनी," ते सावकाश म्हणाले. "थ नाय, त. अरबी हाय ता. गल्तान म्हणजे ज्याची चूक हाय तो. बाईमाणसाला गल्ताना. जज्ज दिवसभर खोटा ऐकून कंटाळलेला असतो. एखादा उभा ऱ्हाऊन म्हणतो, 'अना गल्तान', माझी चूक, की अर्धा राग तिथंच खलास."

मी डोळे पुसले. "मग ह्यांनी काय ऐकलं?"

"साहेब मराठी माणूस. मराठीच ऐकला."

"आणि हो म्हणाले!"

"ती केस वेगळी," चाचा म्हणाले. "ती मी घेत नाय."

कोऱ्या जागेत तारीख पडली, अर्ज गेला आणि चाचांच्या जामिनावर पोलिसांनी मला घरी सोडलं. पुन्हा सुनावणीला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत ते मला त्या शिक्षिकाबाईंकडे घेऊन गेले. मी लाडवांचा डबा उचलला, तर दारातच अडवलं: "लाडू नको. लाडवाला लाचेचा वास येतो." रिकाम्या हाताने गेले. बाई पायाखाली उशी घेऊन वह्या तपासत होत्या. मी पोह्यांचं सगळं खरं सांगितलं. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, दोन महिने सगळे फॉर्म घेऊन येतायत. सॉरी घेऊन कुणी आलंच नाही." मग त्यांनीच चाचांकडून तक्रार नसल्याचा कागद मागून सही केली. चाचांनी सहीचा वास घेतला. मला वाटतं, फक्त सवयीने.

कोर्टात दुभाषा उर्दूवाला होता. चाचा अर्थात सगळ्यात मागच्या बाकावर. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. माझं नाव पुकारलं. ह्या वेळी एकदाच पुकारावं लागलं. न्यायाधीशांनी विचारलं, आरोप मान्य आहे का. मी पाठ केल्याप्रमाणे, शाळेत कविता म्हणतात तशी, खणखणीत म्हटलं, "अना गल्ताना!"

न्यायाधीशांनी मान वर केली. दोन शब्द बोलले. दुभाषा म्हणाला, "पूछते हैं, पहली तारीख पर क्यों नहीं आईं? बीमार थीं?"

सोय केली होती त्याने माझी. नुसतं 'हां जी' म्हणायचं होतं. मी मागे पाहिलं. चाचा माझ्याकडे बघतच नव्हते. हातातला कसलातरी कागद नाकाशी धरून बसले होते.

"बीमार नहीं थी," मी म्हटलं. "गुस्सा थी. चाचा ने मुझे गल्तान बोला, मैंने गलथान सुना."

"गलथान? वो क्या होता है?"

आता आली का पंचाईत! गलथानला हिंदीत काय म्हणतात? "वो... जिसका घर फैला हुआ रहता है. जो चीज़ें इधर-उधर भूलती है. फूहड़." मग राहवलं नाही म्हणून जोडलं, "मैं वैसी नहीं हूँ."

दुभाषा आधी स्वतः समजला, मग त्याने ते अरबीत सांगितलं, हातवारे करून, बहुतेक माझं घर किती फैला हुआ ते दाखवत. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि बराच वेळ रुमालाने पुसला. रुमाल तोंडासमोरच होता, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही, पण खांदे हलत होते. शेवटी निकाल सांगितला: दंड कमी केला, वॉरंट मागे. आता फक्त बाहेरच्या काउंटरवर कागदावर शिक्का घ्यायचा. तिथला माणूस शिक्का मारून म्हणाला, "खलास, मामा. यल्ला, इंडिया!" मामा म्हणजे त्यांच्याकडे आई, आणि यल्ला म्हणजे चला, निघा.

मी वेळेत पोचले. नात त्यानंतर आठव्या दिवशी आली. आता ती मोठी झालीय आणि मैत्रिणींना कौतुकाने सांगते, "माय आजी वॉज वाँटेड इन दुबई." मी तिला सुधारत नाही. टायपिंग सेंटरच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मुखालफा फोनवरच दिसतो, फोनवरच मिटतो. चाचा कुणी म्हणतं गावी गेले, कुणी म्हणतं वारले. मला दोन्हीचा संशय आहे.

पण त्या दुपारचं राहिलं. कोर्टाबाहेर पडल्यावर मी टॅक्सीला हात करत होते, चाचांनी मला बसस्टॉपवर नेलं. मी हवेतच होते. विमानाची वेळ, लाडू, लेकीच्या घरच्या दाराची किल्ली, सगळं मोठमोठ्याने बोलत होते. चाचा हात मागे बांधून ऐकत होते.

"वहिनी, पासपोर्ट खंय हाय?"

"हा काय, पर्समध्ये." पर्स उघडली. रुमाल निघाला, वेलदोडे निघाले, शिक्का मारलेला कागद निघाला. बाकावर सगळी पर्स उलटी केली. पासपोर्ट नव्हता. शिक्का घेताना काउंटरवर ठेवला तो तिथेच.

मी वर पाहिलं. चाचांनी पाठीमागचा हात पुढे केला. हातात माझा पासपोर्ट. त्यांना मी एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि ते म्हणाले:

"अरबीत तुम्ही सुटलाव, वहिनी. मराठीतला मात्र मी परत घेत नाय."